बुधवारचं काय करायचं

"…तर ते चष्मेवाले सर म्हणाले, असा सिनेमा आजवर निघालेलाच नाही!"

एवढं बोलून मैना थांबली. कुठे थांबायचं ते त्या पोरीला बरोबर कळत असे. पुण्याला सिनेमाच्या शाळेत मुलाखत देऊन, रात्रभर एस.टी.त आंबून सकाळी उतरलेली, केसांत धूळ, पायांत चपला तशाच. पण गोष्ट अशी टोकावर आणून लटकवली की अंगणातले चहाचे कप तोंडाशी न पोचता मधेच राहिले.

तिचा थोरला भाऊ धाकू पायरीवर बसला होता, मुंबईच्या गोदीतून मे महिन्याच्या रजेवर आलेला. शेजारची गोदा मीठ मागायला आली होती, ती रिकामी वाटी मांडीवर घेऊन तिथेच रुतली होती. आणि मथुरा, म्हणजे धाकूची बायको, मैनाची वहिनी, अंगणाच्या कडेला चटईवर घातलेली कोकमाची सोलं उलटत होती. तोंड सोलांकडे, कान सगळे इकडे.

"मग?" गोदा म्हणाली.

"मग काय! मी म्हटलं, सर, माझ्या वैनीने डोळ्यांनी बघितलाय. रत्नागिरीला लागला होता. तर सगळे हसायला लागले गो! त्यांच्यात एक बाई होत्या, केस असे पुरुषासारखे कापलेले. त्या म्हणाल्या, बाळ, मी जन्मभर ह्याच धंद्यात आहे. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको, तिने लावलेला दिवा, असला सिनेमा कुणी काढलेला नाही. सांग, कुणाचा हा?"

"मग?"

"मी म्हटलं, कुणाचाच नसेल तर माझा!"

धाकूने मांडीवर अशी थाप मारली की चहा त्याच्याच लुंगीवर सांडला. "वा रे पठ्ठे! कुणाचाच नसेल तर माझा! अगो, गोदीत असं बोलायची सोय असती ना, तर मी आख्खं जहाज घेऊन आलो असतो मिरजोळ्याला!"

सगळे हसले. मैना हसली, गोदा हसली, कुंपणापलीकडून कुणीतरी काही न कळताच हसलं. मथुराचा हात तेवढा सोलांवर थांबला.

"आणि घेतलंन मला! तिथल्या तिथे सांगितलंन. एवढ्या सगळ्या शहरातल्या पोरांमधून!" मैना धावत येऊन चटईजवळ बसली. "पण वैनी, एक सांग. तो सिनेमा होता ना गो खरंच?"

आता सगळी तोंडं मथुराकडे वळली. मथुराने मात्र एकाच तोंडाकडे बघितलं, गोदाच्या. गोदा तिच्या शेजारची आणि कारखान्यातही तिच्याच शेजारी बसणारी.

"व्हता तर," मथुरा म्हणाली. "नसायला काय झालं?"

आणि तिने सोलं अशी उलटली की त्यांतली दोन उडून मातीत पडली.

आता ही मथुरा म्हणजे कोण, ते सांगायलाच हवं. गावात विचारलंत तर कुणी नाही. चौथी शिकलेली, मूलबाळ नसलेली, वर्षातले दहा महिने नवरा मुंबईला असलेली बाई. पण मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या काजूच्या कारखान्यात जाऊन विचारा! तिथल्या बिया फोडायच्या शेडमध्ये ओळीने बायका बसत. चीक लागू नये म्हणून हाताला राख चोळायची, भाजलेली बी ठोकळ्यावर धरायची, मोगरीने टक्क. दिवसभर टक्क, टक्क, टक्क. डोकं पिकून जावं असं ते काम. त्यातून वाट काढली होती ती ह्या बायकांनीच. शनिवारी सगळ्या थोडे थोडे पैसे काढायच्या, ते मथुराच्या पदराला बांधायच्या आणि रविवारी दुपारच्या खेळाला तिला एकटीला शहरात धाडायच्या. मथुराने सिनेमा बघायचा आणि सोमवारपासून शेडमध्ये तो सांगायचा. आठवडाभर. सोमवारी सुरुवात, शनिवारी शेवट.

आणि काय सांगायची! सिनेमातला पाऊस ती सांगायला लागली की बायका पदर सावरत. खलनायक आला की मोगऱ्या जोरात पडत, आणि मग अख्ख्या गराऐवजी नुसता तुकडा निघे. म्हणून मुकादम सखाराम ओरडायचा, "मथुरे, त्या मेल्याला लवकर मार गो, माल फुटतोय!" तो स्वतः खांबाआड उभा राहून ऐकायचा ते निराळंच. सुरुवातीला पडद्यावर जी नावं येतात, त्या पाट्या तेवढ्या मथुरा सांगत नसे. एक तर त्या इंग्रजीत असायच्या, आणि त्या नावांशी कुणाला काय करायचंय? "पाट्या संपल्या नि…" इथूनच तिची गोष्ट सुरू व्हायची.

अडायची ती फक्त बुधवारी. सोमवारी माणसं ओळखीची झाली, मंगळवारी घोळ झाला. गुरुवारपासून निस्तरायला घ्यायचा. पण बुधवारी? बुधवारी काय सांगायचं ते मथुराला कधीच उमगलं नाही. पडद्यावर गोष्ट मधे कशी ढकलत नेतात ते बघताना कळायचं नाही, आणि सांगायला बसलं की हातात राहायचं नाही. मग बुधवारी ती गाणी म्हणायची. मारामाऱ्या असतील तर दोनच्या चार करायची. बायका म्हणायच्या, बुधवारी मथुरेचा घसा बसतो.

तर तो दिव्याचा सिनेमा.

मैना दहा वर्षांची होती त्या साली. आईबाप आधीच गेलेले, पोर मथुराच्याच पदराखाली. शनिवारी वर्गणी पदराला बांधून मथुरा घरी आली तर पोर तापाने फणफणलेली. रविवारी तिला खांद्यावर टाकून शहरात डॉक्टरकडे नेली. वर्गणी सगळी इंजेक्शनात गेली. येताना टॉकीजवरून आली तेव्हा आत खेळ सुरू होता, आणि बाहेर फळीवर एका बाईचं मोठं थोरलं चित्र, तिच्यामागे कसलासा दिवा. मथुराने तेवढंच बघितलं. घरी येऊन पोरीच्या उशाशी बसली आणि उद्या बायकांना तोंड काय दाखवायचं ह्या धास्तीत तिने पोरीलाच गोष्ट सांगायला घेतली. समुद्रात एक खडक. खडकावर दीपगृह. रखवालदार आजारी पडतो, आणि त्याची बायको रोज संध्याकाळी पायऱ्या चढून जाते, काच पुसते, दिवा फिरवणाऱ्या यंत्राला चावी देते, बोटी सुखरूप येतात. कुणाला पत्ता नाही. सगळे म्हणतात, काय हा रखवालदार, तापातही चुकला नाही!

सोमवारी तीच गोष्ट शेडमध्ये. "हिरो कोण गो?" बायकांनी विचारलं. "नवीन पोरं हायत, तुमी नाय वळखणार," मथुरा म्हणाली. शनिवारी सरकार त्या रखवालदाराला पदक देतं, आणि तो ते काढून भर सभेत बायकोच्या गळ्यात घालतो, तेव्हा शेडमध्ये सगळ्या रडल्या. म्हातारी यमुनाबाई तर एवढी रडली की राखेच्या हातांनी डोळे पुसून तोंड पिठाच्या डब्यासारखं करून बसली. आता कुठल्या तोंडाने सांगायचं, बायांनो, हे मी माझ्या मनाचं सांगितलं, तुमचे पैसे माझ्या नणंदेच्या दंडात गेले? आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली. त्या बायका अजून म्हणायच्या, मथुरे, दिव्याचा पुन्हा लागला तर सांग हां, असा सिनेमा नाय बघितला!

आणि आता मैना म्हणत होती, कुणाचाच नसेल तर माझा.

काजूचा चीक लागतो तेव्हा काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी कातडी सोलून निघते. पण मैनाचं ते बोलणं मथुराला त्याच दिवशी झोंबायला लागलं.

खरं तर ते त्याआधीच सुरू झालं होतं. धाकूने मुंबईहून येताना बहिणीला पेन आणलं, सोनेरी टोपणाचं. बायकोला काय? नखांना लावायचा लाल रंग. चिकाने काळ्याठिक्कर पडलेल्या नखांना! वर म्हणतो कसा, "लाव की, सिनेमातल्या बायका लावतात." मथुराने ती बाटली तिखटाच्या डब्यामागे ठेवून दिली होती. पण पेनाकडे मात्र जाता येता नजर जायचीच. मैना बी.ए. झाली तेव्हा मथुरानेच पेढे वाटले. तिला वाटलं होतं, पोरगी मास्तरीण होईल, व्हावं. मास्तरणीचा कुणाला हेवा वाटतो? पण सिनेमा! सिनेमा हा आपला प्रांत. तिथे ही कशाला?

दुपारी जेवणं झाल्यावर धाकूने विषय काढलाच. गोदा मीठ घेऊन गेली होती, ती आता आणखी मीठ हवं म्हणून पुन्हा आली होती.

"मैने, आता नीट सांग. ही डिग्री कसली?"

"पटकथा, दादा. सिनेमा लिहायचा कसा, त्याची. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं. हॉस्टेल आहे. पण उद्यापर्यंत कळवायचंय, नाहीतर पुढच्या नंबरवाल्याला बोलावतील."

"आणि मग नोकरी?"

मैना पहिल्यांदाच अडखळली. "मिळेल. म्हणजे… काम मिळवावं लागतं."

"हा बग घोटाळा." धाकूने विडी कानावर ठेवली. "इथं बी.एड. कर. रत्नागिरीतल्या रत्नागिरीत. पालीच्या शाळेचे हेडमास्तर मला बोललेत, जागा निघणार हाय. सरकारी पगार, जिंदगीभर मज्जा. उलट ही तुझी डिग्री, हिच्यावर नाव तरी काय लिवतात? दोन वर्षं घालवायची, आणि शेवटी साला हातात काय?" मग एकदम तो मथुराकडे वळला. "मला त्यातलं घंटा कळत नाय. घरात सिनेमातलं कळतं ते हिला. तू सांग गो. त्यात शिकण्यासारखं काय हाय?"

मैनाचा चेहरा कसा खुलला! वैनीच्या हातात आलं म्हणजे झालंच, असा. मथुराने ते बघितलं.

"मला इचाराल," ती म्हणाली, "तर कायबी नाय."

"वैनी!"

"गोष्ट सांगायला डिगरी लागते होय? मी सांगते ती कुठं शिकले? माझी परीक्षा घेतलीन कुणी? दोन वर्षं पुण्याला ऱ्हायचं, का, तर गोष्ट सांगायची. आमच्या शेडमधल्या बाया पोटात गोळा येईस्तवर ऐकतात, ती काय कागूद बघून? ज्याला येतं त्याला येतं. नाय त्याला कुणी शिकवलं तरी नाय येत. बी.एड. कर. फळ्यावर चार अक्षरं लिव, पगार घे."

आणि गंमत अशी, की ह्यातलं एकही अक्षर तिला खोटं वाटत नव्हतं. बोलता बोलता तिचं तिलाच पटत गेलं. गोदानेसुद्धा मान डोलावली.

मैना भांडली असती तर बरं झालं असतं. मथुरा तयार बसली होती, दोन-तीन उत्तरं तिने ओठांवर आणूनही ठेवली होती. पण मैना फक्त एवढंच म्हणाली, "वैनी म्हणते तर नको." उठली, उष्टी भांडी उचलली आणि मागल्या दारी गेली.

"झालं मग," धाकू म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं. पण मागून भांड्यांचा आवाज येईना, तेव्हा तो कुजबुजला, "पोरीचं तोंड उतरलं गो. तू आज सिनेमाला जाणार ना? घेऊन जा तिलाबी. तेवढंच बरं वाटेल."

रविवार होता तो. मथुराच्या पदराला वर्गणी बांधलेलीच होती.

दोघी फाट्यावर जाऊन एस.टी.ची वाट बघत उभ्या राहिल्या. उन्हाने कातळ असा तापला होता की नुसतं बघून डोळे मिटावेत. मैना एका बाजूला, मथुरा एका बाजूला, मधे फाट्याचा दगड. मथुरा जिंकली होती, आणि जिंकलेल्या माणसाला जसं मोकळं वाटायला हवं तसं स्वतःला वाटतंय का, ते चाचपून बघत होती. तिला एकच गोष्ट सारखी खुपत होती. विचारू नये, विचारू नये म्हणता म्हणता विचारलंच.

"तिथं शेवट सांगितलंस?"

"कुठे?"

"कुठं म्हणजे! पुण्याला. त्या हसणाऱ्यांना."

"हो."

"पदक घातलंन गळ्यात, ते सांगितलंस ना नीट? टाळ्या नि समदं?"

मैना जरा वेळ पायाने खडे ढकलत राहिली. "नाही गो. तो शेवट मला कधी पटलाच नाही."

"पटला नाय?" मथुराचा आवाज फाट्यावरच्या कुत्र्यालाही ऐकू गेला. त्याने डोकं वर केलं. "शेड रडली सगळी!"

"रडली असेल. पण तो कशाला घालेल पदक तिच्या गळ्यात? एवढे दिवस घेतलंन ना स्वतःच्या नावावर? मग त्या दिवशी एकदम देवमाणूस कसा झाला?"

"मग तू काय सांगितलंस?"

मैना आता तिच्याकडे वळली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज हळू झाला, आणि मथुराने ओळखलं की आता ही खरी सांगणार.

"पदक मिळतं. टाळ्या होतात. ही सभेत मागे उभी असते, तीपण टाळ्या वाजवते. घरी येतात. संध्याकाळ होते. तो आता बरा झालेला आहे ना, तर तो ओटीवर बसून लोकांना पदक दाखवतोय. रोजची वेळ होते. आणि ही उठत नाही. उंबऱ्यावर बसून राहते. नुसती. अंधार पडायला लागतो, समुद्रावर काळोख, बंदरावर माणसं बाहेर येऊन वर बघायला लागतात. तो घाबरून धावत पायऱ्या चढतो, पण त्याला चावी कशी द्यायची ते आठवत नाही. आणि मग सगळी माणसं हळूहळू मान वळवतात. दिव्याकडे नाही. तिच्या घराकडे."

"आणि?"

"संपला."

मथुराला तो उंबरा दिसला. त्या बाईचे गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसले. इतकी वर्षं ती त्या बाईला सभेत नेऊन तिच्या गळ्यात पदक घालत होती, आणि ती मेली बाई कधी एकदा उंबऱ्यावर बसायला मिळतंय म्हणून वाट बघत होती. हे आपल्याला कसं दिसलं नाही? चांगलं होतं. छ्या, चांगलं कसलं, झकास होतं! दुसऱ्या कुणाचं असतं तर तिने पोरीला उचलून धरलं असतं. पण ते दुसऱ्याचं नव्हतं, हीच तर आग होती.

"मला नाय तसं सुचलं," तिच्या तोंडून गेलं.

मैनाने चमकून बघितलं. "सुचलं?"

मथुरा रस्त्याकडे बघायला लागली. रस्त्यावर काहीही नव्हतं.

"वैनी, मला ताप आला होता ना गो, तेव्हा सांगितला होतास तो सिनेमा. त्याच दिवशी तू मला खांद्यावर घालून डॉक्टरकडे नेलं होतंस. रविवार होता." मैनाच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मग तू सिनेमाला गेलीस कधी?"

"उन्हात उभी ऱ्हाऊ नको, इकडं सावलीला ये."

"वैनी…"

"सांगितलं ना, सावलीला ये!"

मैना सावलीला आली. तिचे डोळे भरले होते, पण हसूही येत होतं, आणि त्यामुळे तिचा चेहरा विलक्षण बावळट दिसत होता. "म्हणजे मी तिथे माझा म्हटलं ते चुकीचं म्हटलं."

"अर्धं चुकीचं." मथुराला हे बोलताना दात एकमेकांवर घट्ट धरावे लागले. "शेवट तुझा हाय." आणि लगेच, "मलाबी सुचला असता. येळ नव्हता मला. दुसऱ्या दिवशी सोमवार व्हता."

"तुला सुचलाच असता," मैना म्हणाली. तिने ते इतक्या सरळपणे म्हटलं की मथुराला आणखीच राग आला.

थोड्या वेळाने मथुरा म्हणाली, "तुला शेवट येतो, सुरुवात येते. मग तुला तिथं शिकवणार काय, कपाळ?"

"मधलं."

"कसलं मधलं?"

"अगो, मला मधलं येत नाही. त्या बाईंनी तिथेच सांगितलं मला. म्हणाल्या, तुझी सुरुवात छान आहे, शेवट त्याहून छान, पण मधे तू नुसती गाणी घालतेस. मधला भाग उभा कसा करायचा, माणसं पुढे कशी न्यायची, ते तिथे शिकवतात. म्हणाल्या, सगळ्यांत अवघड तेच असतं, भल्याभल्यांना येत नाही."

मथुराच्या हातातलं पदराचं टोक तसंच राहिलं.

"बुधवार?" ती म्हणाली.

"काय?"

"बुधवार शिकवतात? तिथं?"

मैनाला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती फाट्यावरच्या त्या दगडावर मटकन बसून हसायला लागली. "हो गो वैनी. दोन वर्षं! नुसता बुधवार!"

मथुराला हसू आलं नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बुधवार ही आपली खोड आहे. आपण चौथी शिकलो म्हणून. आपल्याला इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत म्हणून. आणि कुठेतरी पुण्यात एक जागा होती, तिथे चष्मेवाले सर आणि केस कापलेल्या बाई बसून ते शिकवत होते, आणि तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला सकाळी जे वाटलं होतं तो मत्सरच नव्हता. खरा आत्ता वाटला. एखाद्याच्या ताटातलं हवंसं वाटावं, तोंडाला पाणी सुटावं, तसा.

एस.टी. आली. दोघी चढल्या.

शहरात टॉकीजच्या कोपऱ्यावर उतरल्या तेव्हा तिकिटाच्या खिडकीपुढे रांग लागली होती. मथुरा रांगेकडे न बघता सरळ पुढे चालायला लागली.

"वैनी, टॉकीज इकडे!"

"ठावक हाय मला टॉकीज कुठं हाय ती. तारघर कुठं?"

मैना रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी हलेना. "दादा काय म्हणेल?"

"काय म्हणंल? सांगायला मलाच लावलंन ना? दुपारी एक सांगितलं, आता दुसरं सांगते. सिनेमातलं मला कळतं." तारघराच्या पायरीवर मथुरा थांबली. पदराची गाठ सोडायला तिला वेळ लागला. चिकाने बोटं राठ झाली होती, आणि गाठ बायकांनी घट्ट मारली होती. "फुकट नाय धाडत तुला. बुधवारचं काय करायचं ते कळलं की पयलं मला सांगायचं. परीक्षेत लिवायच्या आदी. कळलं?"

"कळलं."

"आणि नाय कळलं तर येऊन बी.एड. कर."

खिडकीमागच्या माणसाने मजकूर विचारला. मैनाने सोनेरी टोपणाचं पेन काढलं आणि कागदावर एकच शब्द लिहिला: येते. पुढे नाव आणि पत्ता. मथुराने कागद हातात घेऊन अक्षरं लावून वाचला, जणू तिची परवानगी असल्याशिवाय तार तारेवरून जाणारच नव्हती. मग तिने वर्गणी खिडकीतून आत सरकवली.

येताना पुन्हा टॉकीजवरून यावं लागलं. आत खेळ सुरू झाला होता. मथुराने ह्या वेळी फळीकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी शेडमध्ये राखेचं घमेलं फिरलं. बायकांनी हात चोळले, बिया ठोकळ्यांवर चढल्या.

"हं, मथुरे," यमुनाबाई म्हणाली, "काय बघितलंस?"

"जुनाच लागला व्हता," मथुरा म्हणाली. "दिव्याचा."

काय आनंद झाला बायकांना! एकीने तर मोगरी ठोकळ्यावर वाजवली. "तो पोरीनं पुण्याला सांगितला तोच?" गोदा डोळे बारीक करून म्हणाली. "पण मैना म्हणत व्हती, असा सिनेमाच नाय."

"नाय कसा? मी काल बघून आले. शेवट बदललाय फक्त." मथुराने पहिली बी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "आधी पाट्या."

"पाट्या?" खांबाआडून सखाराम मुकादमाचा आवाज आला. "आजवर कधी सांगितल्या नाहीस त्या?"

"आजवर इंग्रजीत व्हत्या. ह्या मराठीत हायत." तिने घसा साफ केला. शाळेत धडा वाचताना उभं राहायची, तशी बसल्या जागी ताठ झाली. "लिवणारी… मैना भागोजी गोताड."

क्षणभर एकही मोगरी पडली नाही.

"आपली मैना?" गोदा म्हणाली. "आणि गोष्ट? गोष्ट कुणाची गो?"

मथुराने बी ठोकळ्यावर उभी धरली. तिची बोटं काळी होती, नखं त्याहून काळी.

"दुसरीबी पाटी व्हती," ती म्हणाली. "पण ती झटकन गेली. वाचता नाय आली."

यमुनाबाईने स्वतःच्या हातावरची राख फुंकली आणि मान वर न करता म्हणाली, "पुढल्या येळेस जरा धरून ठेव गो ती. आमालाबी वाचायची हाय."

मथुराने मोगरी मारली. टक्क. टरफल दोन्हीकडे पडलं आणि मधून गर निघाला, अख्खा. तिने तो डाव्या हाताच्या टोपलीत टाकला.

"पाट्या संपल्या," ती म्हणाली, "नि समुद्रात एक खडक."

मोगऱ्या सुरू झाल्या. बुधवारला अजून दोन दिवस होते.